उरेब

सात नंबरच्या टेबलावर
कातडी बाजूला केली तेव्हा आधी दिसली ती पँट.
म्हणजे पँट नव्हे, फॅशिया लाटा:
मांडीभर चढवलेलं पांढरट, घट्ट कापड,
बाहेरच्या अंगाला जाड,
जिथे आमच्याकडे बँडवाल्यांना लाल पट्टी लागते.
जांघेशी एक काज.
त्यातून एक निळी शीर आत गेलेली.
काजाची एकच कड नीट वळवलेली,
दुसरीकडे घाई झालेली दिसते.

तोमर मॅडम म्हणाल्या, हँसी किस बात की?

मी दौलतगंजात दुकानाच्या ओट्यावर वाढले,
चिंध्यांत.
बाबांना माणूस कमरेखालून आठवतो.
भदौरियांचा थोरला: डावा पाय पाव इंच आखूड,
त्याला सांगायचं नाही, फक्त तेवढं जास्त मुडपायचं.
पेंढारकर सर: लग्नानंतर आसन दीड इंचानं वाढलं.
आजोबा तर घोडदळाच्या बिर्जिशी शिवायचे,
मांडीवर फुगा, गुडघ्याखाली आवळ.
म्हणायचे, घोड्यावर खुबा बसतो,
माणूस मागाहून.

फॅशिया उघडली. खाली तो.
कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघून
मांडी तिरकी ओलांडत
गुडघ्याच्या आतल्या बाजूला उतरलेला,
दोन बोटं रुंद, फितीसारखा चपटा.
शरीरातला सगळ्यात लांब स्नायू.
सार्टोरियस, म्हणजे शिंप्याचा, मॅडम सांगत होत्या,
शिंपी बसतो तसा पाय दुमडून देतो म्हणून.
खुबा वाकवतो, मांडी बाहेर फिरवतो, गुडघा मोडतो.
लिहून घ्या.

मी लिहिलं नाही.
आमच्या भाषेत हे आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं:
मांडी हा अवयव, आणि मांडी हेच बसणं.
घालतात ती, मोडतात तीही.
तिच्यावर पोर निजतं, आणि पोर उठलं की
कुणाच्या तरी लग्नाचा कोट येतो, बाह्या नसलेला.

मग काय सुचलं कोण जाणे,
मी देहाचं पाऊल वळवून पाहिलं.
बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढा घट्टा,
पिवळा, कडक,
बाबांना आहे तस्साच.
नोंदीत एवढंच: पुरुष, अंदाजे सत्तर, देहदान.
धंद्याचा रकाना नव्हता.
शिंपीच असेल असं नाही.
पुजारी असेल, तबलजी असेल,
सराफ्यातला एखादा मुनीम.
मी पाऊल होतं तसं ठेवलं.
हातमोजे काढताना नेहमीपेक्षा वेळ लागला.

घरी बाबा खुर्चीत.
उजवा खुबा झिजला त्याला दोन वर्षं झाली.
वाटी आणि गोळा यांत एक्सरेत रेघेएवढीही फट नाही.
ओट्यावरची गादी गुंडाळून भिंतीला उभी,
काजं आता आई करते.
मांडी घालता येत नाही असं ते म्हणत नाहीत,
म्हणतात, खुर्चीवर उजेड बरा येतो.

मी सांगितलं, तुमच्या नावाचा एक स्नायू आहे.
त्यांना गंमत वगैरे वाटली नाही.
"कुठे?"
गळ्यातली फीत काढली,
पितळी टोक कमरेच्या हाडाशी मला धरायला लावलं,
दुसरं स्वतः नेलं, तिरकं, गुडघ्याच्या आत,
चष्मा कपाळावर सरकवून वाचलं:
वीस, वर एक सूत.
"उरेब आहे," म्हणाले.
"उभं कापलं असतं तर ताणलं नसतं.
कापणाऱ्याला अक्कल होती."

फीत परत गळ्यात.
खडू शोधत, माझ्याकडे न बघता:
"ती गादी जरा उन्हात टाक बेटा.
गुंडाळून गुंडाळून वास धरलाय तिनं."