सतराचा पाना

बखीत बिन मुसल्लमचं वय त्याच्या कार्डावर एक आहे
आणि गुडघ्यात दुसरं.
ताका गावाच्या वर, डोंगरात, पंपघराच्या आडोशाला बसून
तो मला पाने मोजून देतो,
चौदाचा, सतराचा, एकोणीसचा.
मी फिटर. संगमेश्वरचा. व्हिसा दोन वर्षांचा.
तो मुहंदिस म्हणतो, मी दुरुस्त करत नाही.

खालून, समुद्राकडून धुकं चढतंय.
इथे त्याला खरीफ म्हणतात.
आमच्या तलाठ्याच्या वहीत तो शब्द रकान्यात बसायचा,
इथे उंटांच्या पाठीवर ओला बसतो.

"याच धुक्यात," बखीत म्हणतो, "बाहेरून आलेले साहेब
नकाशा उघडायचे. नकाशा भिजायचा.
शूर होते. रोज दाढी करायचे.
त्यांच्या साबणाचा वास माझ्या भावाकडे
त्यांच्याआधी पोचायचा."

भाऊ तेव्हा तिकडे.
बखीतही आधी तीन वर्षं तिकडेच.
मग एका रात्री बंदूक आणि दोन शेळ्या घेऊन उतरला.
बंदूक जमा केली, शेळ्या नाही केल्या.
आठवड्याने तीच बंदूक त्याला परत मिळाली,
इकडून लढायला.

मी म्हटलं, आमच्याकडे अशा लढाईला गनिमी कावा म्हणतात.
"गनम?" तो हसला, "शेळ्यामेंढ्या?"
नाही, गनीम. शत्रू.
"शब्द आमच्याकडचाच दिसतो.
एवढ्या लांब गेला म्हणून रागावला असेल.
इथे अजून चरतोय."

पंप उघडा पडला होता, पात्यांवर चुन्याचा थर.
मी विचारलं, मग तुम्हाला जमलं ते साहेबांना का नाही?
तो बोलला नाही.
बराच वेळाने काडीने मातीत एक पाऊल काढलं.
हे कुणाचं?
उंटाचं.
"साहेबही हेच सांगायचे. एक उंट, उत्तरेकडे.
चुकायचे नाहीत.
मी म्हणायचो, ही सालिमा आत्याची सांडणी,
पुढचा डावा तिरका टाकते.
गाभण आहे. आत्याचा धाकटा तिला एवढं चालवणार नाही.
म्हणजे कुणासाठी तरी पाणी नेतोय."
मग? गोळी?
"कशाला? आत्याकडे गेलो. चहा प्यालो.
म्हटलं, खाली घोंगड्या आहेत,
आणि पोराचं नाव अजून कुठल्या यादीत नाही.
बाराव्या दिवशी उतरला.
साहेबाने वहीत लिहिलं, शून्य.
त्या महिन्यात माझ्या नावापुढे सगळी शून्यंच."

मला वाटलं, संपलं. मी पात्यं घासायला घेतलं.

"पण हे गोड समजू नकोस.
परका मारतो तो अंदाजाने. मारतो, बोटीत बसतो, जातो.
आपला माणूस दुखरी जागा शोधत नाही,
त्याला ती पाठ असते.
एका विहिरीत मी दगड टाकले.
कुठली, ते मला सांगावं लागलं नव्हतं.
कोण पितं, तेही.
ती माणसं शुक्रवारी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात.
सलाम करतात.
माझ्या हातचं पाणी घेत नाहीत."

पुढे त्या जागेवर बोअर मारली, पंप आला.
रखवालदाराची नोकरी कुणी मागत नव्हतं.
ती त्याने मागून घेतली.

चारच्या सुमाराला मोटर चालू केली.
आधी हवा, मग गढूळ, मग बरं पाणी.
शेळ्या कुठून आल्या कळलं नाही.
त्याने पाने परत मोजले.
सतराचा नव्हता.
मी फोन काढला, कंपनीत कळवायला हवं,
नियम आहे, पगारातून कापतात.
बखीतने ओल्या मातीकडे एकदाच पाहिलं.
"ठेव तो फोन," म्हणाला.
"उद्या येईल पाना.
मी संध्याकाळी एकाकडे चहाला जातोय."