अजून चौदा

जयेंद्रने फासा मुठीत धरला आणि म्हणाला,
"सोडतो त्याला."

घणसोली, सेक्टर सात. शनिवार, रात्रीचे पावणेअकरा.
टेबलावर वेफर्सचा चुरा, पेन्सिली,
वहीच्या पानावर मी काढलेला ऐरोलीचा पूल
आणि पुलाखाली, खारफुट्याच्या मुळांत पाय अडकून
उलटा लोंबणारा डॉक्टर गंधक.
खाली ओहोटी. नुसता चिखल.

"आपले नायक मारत नाहीत," मृण्मयी म्हणाली,
"पहिल्याच दिवशी ठरलंय. सह्या आहेत."
शमशादने कागद काढून दाखवला. होत्या सह्या.
जयेंद्रचीही, ठळक, खाली रेघ मारलेली.

"चार वेळा पकडला," तो म्हणाला.
"चार वेळा तळोज्याच्या तुरुंगात जमा केला.
चार वेळा सुटला. कसा सुटतो गं?"

खेळ मी चालवते.
भिंत मी पाडते, पहारेकरी मी झोपवते.
खरं उत्तर असं, की आठवड्याभरात
नवा खलनायक रचायला मला वेळ झाला नव्हता.
ते बोलले नाही.
म्हटलं, "धूर करून."

जयेंद्र अग्निशमन दलात आहे, पावणे एमआयडीसीकडे.
धुराचं त्याला सांगू नये.

"मागच्या शनिवारी कारखाना उडवलास.
किती गेले म्हणालीस?"
"चाळीस."
"कोण कोण?"

मी वही चाळायला लागले, जणू तिथे काही सापडणार होतं.
चाळीस मी म्हटले होते
भाजीवाल्याशी घासाघीस संपवताना म्हणतात तसे,
राहू दे, चाळीस धर.

"याच्या एका मानेसाठी एवढं," तो म्हणाला, आवाज न चढवता,
"सह्या काय, कागद काय.
त्यांच्या वेळी कुणी फासासुद्धा टाकला नाही."

फ्रिज मध्येच घरघरला आणि गप्प झाला.

मग आम्ही लिहायला बसलो.
एक, रामसुंदर, बॉयलरवर.
दोन, कॅन्टीनची वैजयंता, त्या दिवशी बदलीवर आलेली.
शमशादला नाव सुचेना,
त्याने एकाला नुसताच मोटरसायकलचा हप्ता दिला,
नाव नंतर.
मृण्मयी म्हणाली, एकाच घरचे दोन भाऊ नकोत,
फार होतं.
जयेंद्र म्हणाला, असतात.
लिहिले.

सव्विसाव्या नावाशी सगळेच थांबलो.
दीड वाजला होता. शमशादचा रिक्षावाला खालून फोन करत होता.

"आणि गंधक?" मृण्मयीने दारातून विचारलं.
जयेंद्र वाकून बुटाची नाडी बांधत होता.
"लटकू दे," तो म्हणाला.
"भरती कधी येते ते हिच्या हातात आहे."

फासा टेबलावरच राहिला, न टाकलेला.
पुलाखाली मी अजून चिखलच ठेवलाय.
अजून चौदा.