स्टँडबाय

कायतान स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटतो.
कुंडईच्या शेडमध्ये अकरा मशिनं एकदम बोलत असतात,
तो त्यातलं एकच ऐकतो.
"दोन आठवडे," म्हणतो. "फार तर तीन."
मी वहीत लिहितो.
बहुतेक वेळा सतरा-अठरा दिवस भरतात.

कॉरिडॉरचा बल्ब जाईपर्यंत जळू द्यायचा.
बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चांगला असला तरी तारखेला उतरवायचा.
बाकी सगळ्याला हात लावायचा, ऐकायचं, मोजायचं
आणि थांबायचं.
हे थांबायचं एवढंच साहेबांच्या गळी उतरवायला
मला चार वर्षं लागली.

त्याआधी तीन नंबरचं फिलिंग मशीन
आम्ही दर तिमाहीला उघडायचो
आणि उघडल्याच्या आठवड्यातच ते बंद पडायचं.
कुठे वॉशर उलटा, कुठे बोल्ट जास्तच आवळलेला.
दुरुस्तीनेच आजारी पडायचं बिचारं.
उघडणं सोडलं,
अडीच वर्षं कुरकुर नाही.
त्या तक्त्यावर मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं.

मग पित्ताचे खडे बघायला गेलेल्या कायतानच्या पोटात
मोठी धमनी फुगलेली दिसली.
चार पूर्णांक सात सेंटिमीटर.
मुलगा तारवावर, डर्बनच्या पुढे कुठेतरी,
म्हणून बांबोळीला बरोबर मी.

डॉक्टर शिरगुरकरबाईंनी केसपेपरच्या पाठीवर
दोन रेघा काढल्या,
एक फुटण्याच्या धोक्याची, एक ऑपरेशनच्या.
"ह्या दोघी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आपण हात घालायचा.
साडेपाचच्या आसपास.
तोवर दर सहा महिन्यांनी मोजू.
विडी आजपासून बंद. प्रेशरची गोळी चुकवायची नाही."

रेघा माझ्या ओळखीच्या.
अशाच मी काढतो, खाली फक्त तास लिहितो.
तरी माझ्याच तोंडून गेलं,
"आत्ताच बदलून टाकलं तर?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
जसा मी साहेबांकडे पाहायचो.

परतताना बाणस्तारीच्या पुलावर
त्याने स्कूटर थांबवायला लावली.
खिशात विडी चाचपली, हात तसाच बाहेर काढला.
"ह्याचा आवाज येना," म्हणाला,
"आणि आला, तर उशीर झाला, असं बाई म्हणते.
एकतीस वर्षं मी लोखंडाचं पोट ऐकतो, बघ."

मी टक्केवारी सांगू लागलो.
वर्षाला शंभरात किती. ऑपरेशनच्या टेबलावर किती.
आकडे बरोबर होते.
त्याने ऐकून घेतले, मान हलवली.
मग म्हणाला,
"तुझ्या वहीत चुकलं तर दोन नंबरचा कंप्रेसर सुरू होतो.
म्हाका स्टँडबाय ना."

खाली खाजनाच्या मानशीत भरतीचं पाणी अडलेलं.
फळ्या सगळ्या काळ्या पडलेल्या,
मधलीच एक कोरी, पिवळी.
कुणीतरी कधीतरी ठरवलं असणार
की हीच, आणि बाकीच्या अजून नाही.
कशावरून ठरवलं, ते पुलावरून दिसत नव्हतं.

सोमवारी मी मार्चचा तक्ता भरला:
चिलर, कंप्रेसर एक, कंप्रेसर दोन,
त्याखाली पेन्सिलने *कायतान – बांबोळी – मोजणी*.
जेवणाच्या सुट्टीत तो येऊन वाचून गेला.
"कंप्रेसराच्या खाली कित्याक घातलास मरे?
त्याच्या आधीपासून आहे मी हितं."

खोडून वर घेतलं.
तो पंपापाशी गेला,
स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले.
बराच वेळ काही बोलला नाही.
मी वही उघडी धरून
उभा.