अंधाराचा पहिला तास

सातच्या सुमाराला सरोवरावरचा उजेड जातो
एकदम, कुणी पातेल्यावर झाकण ठेवावं तसा.
ओमेना मासळीच्या होड्या निघतात, एकेक कंदील पुढे धरून,
आणि मी आपोंदीच्या मक्यात उतरते,
कपाळावर टॉर्च, टॉर्चवर लाल कागद,
खिशात वही.
कुठल्या पानावर किती अंडी, एवढंच माझं काम.
पगार पाच तारखेला. आला तर.

खोडकिड्याची मादी दिसायला काहीच नाही:
वाळक्या गवताचा तुकडा, त्याला पंख.
पोट जड, हातात दोन-चार रात्री.
तिला खाता येत नाही, तोंड नावापुरतं.
म्हणजे जे पान ती आज रात्रभर शोधणार
त्याची चव तिला कधीच कळायची नाही.
हे मी एकदा अहवालात लिहिलं होतं.
वरच्या बाईंनी खोडलं.

ती वाऱ्याच्या उलट येते, वासाला धरून.
पानावर उतरते, मिशा टेकवते,
पोटाचं टोक फिरवत राहते पाठीवरून,
जशी बाजारात आपण कापडावरून बोटं फिरवतो.
लव फार असली तर उठते.
पुन्हा उतरते. पुन्हा उठते.
मी श्वास धरून उभी. पायावर डास.

बांधाला लावलेलं हत्तीगवत
नेमकं याच तासाला अंग मोकळं करतं,
हिरवा, ओला, कापल्यासारखा वास,
मक्याच्या कितीतरी पट.
मक्याच्या ओळींतून डेस्मोडियम तिला हाकलतो,
बांधावरून गवत बोलावतं,
आणि ती जाते.
खवल्यावर खवला ठेवावा तशी एकेक ओळ मांडते,
सव्वीस, एकतीस, चाळीस,
घाई नाही, एकही वाकडं नाही.

आठवड्यात अळ्या खोडात तोंड घालतील
आणि गवत चीक सोडेल.
चिकात अडकलेली अळी मी भिंगाखाली पाहिली आहे.
केसाएवढी. तोंड उघडं.

"तिला कळत नाही का गं?" आपोंदी विचारते.
"वास खोटा नाही," मी म्हणते, "पानही खरंच कोवळं आहे.
पुढचं तिला कुणी सांगितलेलं नाही."
आपोंदी हसते, इतकं की कंदील हलतो.
"मीही पत्र्याचं छप्पर बघून हो म्हटलं होतं.
लांबून चमकायचं.
पत्रा उधारीचा होता, हे लग्नानंतर कळलं,
दुकानदार शिडी घेऊन आला तेव्हा."

शेताच्या खालच्या कोपऱ्यात चार ओळी न्यामुलाच्या,
सासूच्या हातचं बियाणं, भोपळ्यात राखेत राखलेलं.
पिवळं दाणं, कणीस बुटकं, सरकारी यादीत नाव नाही.
इथेही मादी येते. इथेही ती फसते, पण वेगळी.
या पानाला अंडी टेकलेली समजतात.
दिवस उजाडला की ते वेगळा वास सोडतं
आणि खसखशीच्या दाण्याहून लहान गांधीलमाश्या
कुठून कुठून येतात, अंड्यांत अंडी घालायला.
शेजारच्या हायब्रीडवर तेवढीच अंडी.
तो गप्प. त्याला ही हाक कुणी शिकवलीच नाही,
किंवा उंची वाढवताना ती राहून गेली.

चार दिवसांनी वहीत:
न्यामुला, पान चौथं, अंडी बावीस,
काळी पडलेली एकोणीस.
"आणि तीन?"
"फुटतील."
आपोंदी काही बोलत नाही. कंदिलाची वात कमी करते.

पहाटे होड्या परततात तेव्हा
ती बांधावरचं तेच हत्तीगवत कापते,
भारा गोठ्यात टाकते, अंड्यांसकट.
काल रात्रीच्या माझ्या चाळीसही त्यातच.
मला हाक मारून सांगायचं असतं, थांब, मोजणी व्हायची आहे.

गाय वास घेत नाही.
जे पुढ्यात पडलं, ते खाते.