कटआउट

कोलबाडात, पिठाच्या गिरणीला लागून
सहा बाय आठचा गाळा. पाटीवर नुसतं 'वाइंडिंग'.
मी डायनामो टॉवेलात गुंडाळून नेला होता,
आजारी मांजर न्यावं तसा.
मोकलबाईंनी टॉवेल बाजूला सारला,
शाफ्ट दोन बोटांनी फिरवून कानाशी धरला.
बेअरिंग गेलंय. बाकीचं उघडल्यावर.

चौपन्नची बीएसए, मी सांगू लागलो,
कळव्याच्या भंगारातली, पण टाकीचा रंग मूळचा...
त्यांनी ब्रश काढून तळहातावर ठेवले:
कोळशाचे दोन तुकडे, दुधाच्या दातांएवढे उरलेले.

बावीस वर्षं वागळे इस्टेटला
पंख्यांच्या मोटारी भरल्या त्यांनी.
कंपनी गेली. तिथे आता काचेची इमारत,
आत कोण काय करतं कळत नाही म्हणाल्या,
एसी मात्र भरपूर.
बोटं अजून मोजतात.
मध्येच कुणी हाक मारली
तर ओठ मिटून एक बोट वर: थांब.
वेढा चुकला की सगळं उकलायचं.

तांब्याच्या अठ्ठावीस पट्ट्या, मध्ये अभ्रक.
हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं एकेक फट
नखातला मळ काढावा तशी खरवडली.
वार्निश सुकायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
आत साठचा बल्ब.
परवा या.

परवा मी रेग्युलेटर नेला. काळं झाकण, तारेची क्लिप,
आत दोन रिळं:
एक ठरवतं किती द्यायचं,
दुसरं, कधी नाही.
बाई म्हणाल्या, हे फेका. आत इलेक्ट्रॉनिक बसवते,
बाहेरून डबा हाच. कुणाला कळतंय?
मला कळेल, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
मग बसा दर महिन्याला पॉइंट घासत.

डायनामो बाकावर ठेवून दोन तारा एकत्र पिळल्या,
बॅटरी टेकवली,
आणि तो आपणहून फिरायला लागला.
पट्टा नाही, चेन नाही, इंजिन तिकडे चराईत माझ्या जिन्याखाली.

बघा, बाई म्हणाल्या, ठेवलाय वीज करायला,
पण आयती मिळाली तर खात बसेल.
म्हणून मध्ये कटआउट. गाडी मंदावली की तार तोडतो,
नाहीतर सकाळपर्यंत बॅटरी कोरडी.

मग पात्याची धार बघत, माझ्याकडे न बघता:
आमच्याकडे दीर यायचा. सात तारखेला. अठरा वर्षं.

गिरणी सुरू झाली. पुढचं ऐकू आलं नाही,
किंवा पुढचं नव्हतंच.

किती वर्षं बंद होता हा?
तीस तरी.
मग विसरला असेल आपली बाजू कुठली.
प्लस बॉडीला, विलायती खोड, त्या पुटपुटल्या
आणि वायरचं टोक टर्मिनलला
टेकवलं न टेकवलं केलं.
निळी ठिणगी, मोहरीएवढी.
लोखंडाला एवढं पुरतं.

रात्री अकराला तीन हात नाक्यावर सिग्नल लागला.
सहा व्होल्टचा दिवा हळदीसारखा पिवळा,
ॲमीटरचा काटा डावीकडे.
मागचा रिक्षावाला म्हणाला, काका, मेणबत्ती लावा.
हिरवा झाला. मी मूठ पिळली.
कॅडबरी जंक्शनच्या अलीकडे कुठेतरी
काटा थरथरला, मधली रेघ ओलांडून उजवीकडे झुकला,
आणि दुभाजकाच्या कण्हेरीवर
प्रकाश पांढरा झाला.

त्यांनी बजावलं होतं, उजवीकडे गेला तर फोन करू नका,
डावीकडे राहिला तरच करा.

मी गाडी कडेला घेतली आणि फोन केला.
पलीकडे कुणी हॅलो म्हणालं नाही.
नुसतं, दाताखाली धरल्यासारखं,
एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा.

मी थांबलो.
इंजिन सुरूच होतं, मंद.
काटा परत डावीकडे सरकायला लागला होता.
फोन कानाशी धरून
उजव्या हातानं मी मूठ जराशी पिळून ठेवली.