सरकी

नेहेते सरांनी पुन्हा लाल गोल केला,
पान अकरा, प्रश्न पहिला:
‘व्हाय द विमेन आर कफिंग?’
बाजूला बारीक अक्षरात,
इंग्रजी असं विचारत नाही.

कसं विचारतं मग?
धरणगावच्या खोलीत, वीज गेलेली,
वाक्य उलटंपालटं करत बसले.
आपल्यात ‘का’ कुठेही टेकतो.
बायका का खोकतात, का खोकतात बायका,
खोकतात का बायका...
आणि एवढ्याशा सरकण्याने
‘कशामुळे’चं ‘खरंच?’ होऊन जातं.
तिकडे क्रियापदाने उठून
कर्त्याच्या पुढे जाऊन बसायचं,
पंगतीत व्याही आला की
आपला माणूस पाट बदलतो तसं.
पण हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात घातला
की सगळे परत आपापल्या पाटावर.
म्हणजे माझं वाक्य चुकलं नव्हतं,
एकटं पडलं होतं.

सर म्हणाले, थेट नको, जरा सौम्य लिही.
‘टू व्हॉट एक्स्टेंट’ने सुरुवात कर.
केली.
तंतूंशी येणारा संपर्क, श्वसनाच्या तक्रारी,
कितपत संबंध असू शकेल वगैरे,
तीन ओळी झाल्या,
गठाणीसारख्या आवळलेल्या, पांढऱ्याशुभ्र.
सरकी निघून गेली होती त्यांतली.

जिनिंगमध्ये गोजरबाईला
मी छापील मराठी वाचून दाखवली:
आपणांस कितपत त्रास जाणवतो?
तिने नाकावरचा पदर सोडला. भुवयांवर रुई.
हसली, हसताना खोकली.
“कितपत म्हंजे? पायलीमा मोजू का?”
मग कागद बाजूला सारून,
“तुले काय इचारनं शे माय, सरय इचार ना.”

काब्रं खोकस तू?
मामाच्या गावाला सांडलेली भाषा
तोंडात अडखळत परत आली.
ती वीस मिनिटं बोलली.
यंत्र, मुकादम, बंद खिडकी,
ढिगाआड झोपलेली धाकटी.
‘कारण’ हा शब्द एकदाही नाही.

रात्री लिहिलं,
‘व्हाय डू द विमेन कफ?’
मधल्या ‘डू’ला अर्थ काहीच नाही,
फक्त प्रश्नाला हात देऊन उभं करतो.

सर म्हणतील, फारच उघडं आहे.
पाठवलंय.
बाहीवरची रुई
अजून झटकली नाही मी.