एक वाटी

काट्यावर चढले तेव्हा पर्स खांद्यालाच होती.
म्हटलं, ही वजा करा.
डॉक्टरीणबाईंनी पर्स काढून घेतली, पुन्हा पाहिलं,
आणि चारशे ग्रॅमचा दिलासा लिहून
खाली रेघ ओढली.

घरी कागद लावायला चुंबक एकच,
महाबळेश्वरहून आणलेली स्ट्रॉबेरी.
तिच्याखाली लटकतोय आता माझा आहार.
भात एक वाटी. आमटी एक वाटी. भाजी दोन.
तन्वेशनं मोठ्यानं वाचून दाखवलं,
सोसायटीची नोटीस वाचावी तसं.

पण वाटी कुठली?
आमच्या रॅकवर दोन वाट्या सारख्या नाहीत.
एकीवर कोरलंय 'परळ वर्कशॉप मित्रमंडळाकडून सप्रेम',
एक कुसुमआत्याची, दिसायला लहान, पण खोल,
एक शेजारच्या शहांची. फरसाण घेऊन आली, ती इथलीच झाली.
रिकामी कशी पाठवायची,
आणि भरून पाठवायचं राहून गेलं.

सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या,
"वाटयेक काय धरून बसलंस? पोटाक इचार."
पोटाला विचारून भागलं असतं
तर हा कागद कशाला आला असता.

खरं सांगू, मी जेवून जाडी झालेच नाही.
मी झाले ती आवरून.
शर्वाणीच्या डब्यातून परत आलेली पाव पोळी,
पातेल्याच्या कडेचा भात,
एवढ्याशासाठी कुठे डबा काढायचा,
यांनी "नको, झालं" म्हणून सरकवलेली बोंबलाची शेपूट.
कुणी वाढलं नाही, मी ताट घेतलं नाही,
ओट्याशी उभ्या उभ्या, नळ चालू ठेवून.
उभ्यानं खाल्लेलं मोजत नाहीत, असं वाटायचं.
काट्यानं सगळं लिहून ठेवलं होतं.

आता संध्याकाळी बिल्डिंगला वीस फेऱ्या.
टिळकनगरात आमचीच एक जुनी उरलीय,
चारही बाजूंनी टॉवर, ऊन दुपारी दोनलाच संपतं.
वॉचमन बाकावर बसून फेऱ्या मोजतो,
विसाव्या फेरीला हात वर करतो.
मला दाट संशय आहे, तो दोनेक माफ करतो.

बुधवारच्या सुरमईच्या कालवणात
सासूबाईंनी खोबरं निम्मं घातलं.
माझ्यासाठी वेगळं कुठे करणार,
म्हणून सगळ्यांसाठीच निम्मं.
कुणी काही बोललं नाही.
आमच्याकडे कालवणावर कुणी काहीच न बोलणं
हे फार मोठं बोलणं आहे.

एकदा रात्री अकराला झाकण वाजलं.
मला वाटलं मांजर.
फ्रीजच्या उजेडात हे, बनियनवर,
शिऱ्याचा डबा छातीशी धरून.
"उरला तर तू खाशील," म्हणाले,
तोंड भरलेलं, चेहरा हुतात्म्याचा.
महिन्याभरात माझे दीड किलो गेले,
यांनी पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं.
घराचं एकूण वजन आहे तेवढंच आहे.

आणि परवा जेवायला बसले
तर पानाजवळ चांदीची वाटी.
तन्वेशच्या उष्टावणाची.
सतरा वर्षं कपाटात पानपट्टीच्या डब्यामागे होती,
रांगोळी घालून घासलेली, काठाला अजून थोडी काळी.
"ही घे," सासूबाई म्हणाल्या, "आता ही तुझी वाटी."
बाकी काही नाही.

तिच्या बुडाला एक पोचा आहे.
पहिल्याच घासाला पोरानं भिरकावली होती,
सगळे किती हसलो होतो.
त्या पोच्यापुरता भात तिच्यात कमीच मावतो.
ते त्यांना ठाऊक आहे.
वाढताना त्या रोज
वरून दोन बोटांनी
हळूच दाबून घेतात.